लांब हाताचा क्रँक

३ फेब्रु. ५५

आज पुन्हा फसली. आष्टीच्या घाटाखाली, नदीच्या रेतीत, त्याच जागी. गाडीत चार माणसं अन् दोन पोते तांदूळ, बस. चारही चाकांचा जोर लावला, पहिला गेर टाकला, इंजन घों घों करून दबलं अन् बंद. लिंगा धीवर बैल घेऊन आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हा लिंगा उन्हाळाभर रेतीवर बांबूचे तट्टे टाकून गाड्या पार करून देते. म्हणे, "वासुभाऊ, हे जीप नाई, म्हैस हाये. नदी पाह्यली का बसली." सारे हासले. मी बी हासलो.

घरी आलो तं बायको, कौसल्या, दारातच होती. पॅन्टीतली रेती अंगणात झटकली तेव्हा तिनं पाह्यली. आठवा महिना चालू आहे तिले.

४ फेब्रु.

डोस्कं जाग्यावर नाई. लिहून काढतो म्हणजे सुटन.

चांद्याच्या डॉक्टरीणबाईनं मागल्या महिन्यात दोन बोटं जवळ आणून दाखवली. म्हणाल्या, "वाट एवढीच आहे. लेकरू आपोआप येणार नाही, पोट कापून काढावं लागेल. कळ आली की सरळ इथे आणा. सुईणीच्या भरवशावर ठेवाल तर दोघंही जातील." बाईनं सांगतलं तसं सांगतलं, पण चांदा काय वेशीपलीकडे आहे? मधात वैनगंगा. पलीकडून मोटर दिवसातून एक. बैलबंडीनं नेलं तं नदीतच सांज.

मागल्या खेपेले हीच जीप, हीच रेती. कळा चालू, गाडी फसलेली, बैल येईपावतर कौ. रेतीत पडून. पोरगा होता. गेला. कौ. कशी वाचली ते तिचं तिले ठाऊक. पुढचं लिहवत नाई.

सारे म्हणतात, आधीच जाऊन राहा ना चांद्याले. रहीमभाई मिस्त्री म्हणते, माह्या घरी ठेव, माह्या आईसंग राह्यीन. पण घरी माही आई. लकव्यानं अर्धं अंग गेलं, घास भरवा लागते, कूस बदला लागते. शेजारची पोचूबाई सुईण एकदोन दिवस पाह्यीन, दोन महिने कोण पाहते? कौ. चं एकच: "कळ येईपावतर मी आईले सोडत नाई. मंग तुमी अन् तुमची जीप." अशी हट्टी बाई बाप्पा दुसरी नाई.

म्हणजे सारं जीपवर आलं. जीप म्हणजे लाकडाच्या ठेकेदारानं भंगारात काढलेली, लढाईतली डिस्पोजलची. मीच तिचा ड्रायव्हर होतो म्हणून मलेच देऊन टाकली. सपाटीवर घोडी आहे. रेतीत अन् चढावर दम नाई.

९ फेब्रु.

सागाच्या ट्रकवर बसून चांद्याले गेलो. रहीमभाईच्या ग्यारेजात. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. ग्यारेजच्या जमिनीवर कोळशानं चित्र काढलं. म्हणे, "देख वासुभाऊ. विहिरीच्या रहाटाले दांडा आखूड असला तं ताकद किती लागते? अन् लांब असला तं? इंजनच्या पोटात क्रँक असते ना, त्याचा हात लांब कर. पिस्टनची धाव लांब होईन, दर धावेले जोर जास्त. सपाटीवर पळणार कमी, पण रेतीत हत्तीवानी चालन."

मी म्हटलं, होते का असं? तो म्हणे, "फौजेतले मिस्त्री करत होते. मी एकदाच पाह्यलं, केलं नाई." एवढ्यावरच मी हौ म्हणून बसलो. दुसरं काय होतं माह्यापाशी?

१० फेब्रु.

दिवसभर भंगाराच्या ढिगात. दोन क्रँक निवडले अन् दोघंबी त्याच्यावर भांडत बसलो.

एक आमच्याच जीपचा. त्याच्या पिनीवर वेल्डिंगनं लोखंड भरायचं अन् लेथवर एका बाजूनं सरकवून छिलायचं, म्हणजे हात थोडा लांब. जोर थोडाच वाढते, पण बाकी सारं जुनंच बसते.

दुसरा कोळशाच्या खाणीवरच्या पंपाच्या इंजनचा. आमच्या इंजनचाच मोठा भाऊ म्हणा. हात चांगलाच लांब. फक्त दोन्ही टोकं छिलून आमच्या ब्लॉकात बसवा लागतीन. पण हात लांब म्हणजे पिस्टन बी वर निघन, हेडले, म्हणजे इंजनच्या वरच्या झाकणाले, जाऊन ठोकन. मंग पिस्टन बी दुसरे पाह्यजेत, बुटक्या डोक्याचे.

मी म्हटलं वेल्डिंगचा करू, लवकर होईन. रहीमभाईनं वेल्डिंगचा एक मोडका तुकडा माह्या हातात देला. "हे पाह्य. असं तुटते. रेतीत जोर लावशीन तेव्हाच तुटन, अंगणात नाई." तुकड्याची कड साखरेवानी दाणेदार होती. मी पंपाचा घेतला.

१५ फेब्रु.

जीपचं इंजन काढून ट्रकवर चांद्याले आणलं, क्रँकची टोकं लेथवर झाली. त्याच्या बदल्यात मी र. भाईच्या दोन ट्रकांच्या कमानी बदलल्या. पाठ मोडली.

पिस्टनचं काई जमून नाई राह्यलं. पहिले आणले ते बसवले तं बोटभर वर निघाले. दुसरे ब्लॉकात डगमग करतात. र. नं टोपी काढून जमिनीवर आपटली. मी भाईरे जाऊन नळाखाली डोस्कं धरलं. घरी निरोप पाठवला का उद्या येतो. उद्या काय घेऊन जाणार, देवाले माहीत.

२० फेब्रु.

शिवरात्र. मार्कंड्याच्या जत्रेले सारी दुनिया चालली अन् माही जीप अंगणात पोट उघडं टाकून. रस्त्यानं जाणारे वाकून पाहतात. "काऊन वासुभाऊ, गाडी नेत नाई का यंदा?" दहा जणांना दहा वेळा उत्तर देलं. अकराव्यावर खेकसलो. तो बिचारा चामोर्शीचा मास्तर होता.

कौ. नं आईले उचलून दारात बसवलं, यात्रा दिसावी म्हणून. म्हटलं, अवं तू कायले उचलते? तं म्हणे, "मंग तुमी उचला ना. तुमचं तं सारं लक्ष त्या लोखंडात." खरं आहे. पण लोखंड कोणासाठी चालू आहे ते तिलेबी माहीत आहे.

२४ फेब्रु.

चांद्यात पिस्टन भेटले! जळलेल्या एका लहान मोटारीचे. डोकं बुटकं, पिन वर. लेथवर वरून थोडे छिलले, आता बसतात. र. म्हणे, याच्यावर आणखी छिलू नको, पातळ झाले तं फुटतीन.

तीन सारखे अन् चौथा दुसऱ्या गाडीचा. वजन सारखं नसलं तं इंजन थरथर कापते. शेजारच्या किराणावाल्याच्या तराजूत दोन दोन टाकून तोलले. चौथा जड. आतून कानसीनं घासू घासू हलका केला, तराजूचा काटा मधात येईपावतर. किराणावाला म्हणे, "लाडवाचे वाटे पाडून राह्यले का?" गिऱ्हाईक खोळंबले, कोणी रागावलं नाई. चांद्याचे लोक तसे चांगले आहेत.

हेडखाली दाबाचं प्याकिंग, सांध्यातून पाणी फुटू नये म्हणून असते ते, नवं एकच भेटलं. जपून आणलं, छातीशी धरून, इंजनसंग ट्रकवर.

२८ फेब्रु.

इंजन बांधणं चालू. घरी, मोहाच्या झाडाखाली. कौ. चे पाय सुजले. पोचूबाईनं पाह्यलं अन् म्हणे, खाली उतरलं दिसते. मी विचारलं, म्हणजे? म्हणे, "म्हणजे डॉक्टरीणबाईची तारीख नोको पाहू." डॉक्टरीणबाईनं पाडव्याच्या नंतर सांगतलं होतं. 

२ मार्च

पिस्टन वर आला का हेडपासून किती दूर राहते ते पाहाचं होतं. र. नं सांगतलं होतं तसं: पिस्टनच्या डोक्यावर कणकेची गोळी ठेव, जुनं प्याकिंग टाकून हेड कस, हँडलनं इंजन फिरव, हेड काढ. चपटी झालेली गोळी सुरीनं काप अन् जाडी पाह्य. "एक पैसा जाड असली तं इंजन जगन. कमी असली तं दोन प्याकिंग टाका लागन." दोन टाकले तं धोका जाते पण जोरबी जाते. मंग एवढं सारं केलं कायले?

तांदळाच्या पिठाची गोळी तडकून राह्यली होती. कौ. नं पाहुण्यांसाठी ठेवलेली गव्हाची कणीक काढली, मस्त तेल लावून मळली. "तुमचं इंजन जावयावानी. त्याले गहूच लागन." चारही पिस्टनवर गोळ्या ठेवल्या, हेड कसलं, फिरवलं. तेवढ्यात आतून धपकन आवाज. आई खाटेवरून घसरली. उचललं, शेकलं, रडत होती ते समजावलं. हेड तसंच राह्यलं.

३ मार्च

सकाळी हेड काढलं. गोळ्या कापल्या. पैसा लावून पाह्यला. बरोबर पैशाएवढी जाड, चारही! मी मोठ्यानं ओरडलो, कोंबड्या पळाल्या. एकच प्याकिंग. नवं बसवलं. कसलं.

५ मार्च

चालली!! काय सांगू. 

मागं गोटे भरले, कौ. च्या वजनाच्या तिप्पट चौपट. नदीवर गेलो. लिंगा तट्टे घेऊन धावला, म्हटलं नोको, बाजूले हो. पहिला गेर. रेतीत शिरली, आवाज खाली गेला, मी म्हटलं आता बसते, आता बसते. नाई बसली. खालच्या आवाजात ढुम ढुम ढुम करत चालत राह्यली. पाण्यातून निघाली. पलीकडचा उभा चढ, तोबी. वर जाऊन मी गाडी थांबवली अन् चाकावर डोस्कं ठेवून रडलो. लिंगा धावत आला, त्याले वाटलं काई लागलं. म्हणे, "अहो चढली ना गाडी, मंग रडता काऊन?"

येताना सपाटीवर जोरात काढली तेव्हा बारीक टिक् टिक् वाजलं. इंजनचे टॅपेट असन, ते वाजतातच.

कौ. ले सांगतलं तं हासली. पुष्कळ दिवसांनी हासली.

८ मार्च

होळी. मी सत्यानाश केला.

कौ. पुरणपोळ्या लाटत होती, मी चुलीपाशी बसून. लाटते अन् पोळी मागं सरते. लाटते, मागं सरते. ती कणकेशीच भांडत होती, "जाय ना पुढं, मेली." मी हासून राह्यलो अन् एकदम समजलं.

ते गोळ्या. गव्हाच्या. तेल लावून मळलेल्या. दाबून चपट्या झाल्या, मंग रातभर हेडखाली. पिस्टन खाली गेल्यावर गोळी मोकळी. मागं सरली असन. फुगून पुन्हा जाड झाली असन. मी सकाळी पैसा लावला तो फुगलेल्या गोळीले लावला!

म्हणजे फट पैशाएवढी नाईच. किती आहे कोणाले माहीत. ते टिक् टिक् टॅपेट नाई.

पोळी अर्धी टाकून उठलो. सणाच्या दिवशी. कौ. पाहत राह्यली.

९ मार्च

दुनिया रंग खेळून राह्यली, मी गाडीपाशी बसून. खोलू का नोको? खोललं तं नवं प्याकिंग गेलं, ते एकदा दबलं का दुसऱ्यांदा नीट बसत नाई. दुसरं चांद्यात नाई, नागपूरवरून मांगवा लागते. तोवर गाडी बंद. नाई खोललं तं रेतीत, भर जोरात, पिस्टन हेडले ठोकन. फुटन. अन् मागं कौ. पडली असन.

पोचूबाई येऊन गेली. म्हणे आठ दिवस, जास्तीत जास्त. तिचा हात खोटा पडत नाई, हेच वाईट आहे.

देवा, मी काय करू? एक तरी माणूस सांगा ना मले, काय करू.

१० मार्च

खोललं.

तांदळाच्या पिठाची उकड काढाले लावली. उकडीची गोळी मागं सरत नाई, दाबली तशी राहते. ठेवली, कसलं, फिरवलं, लगेच काढलं. तीन पिस्टनवर पोस्टकार्डाएवढी जाड. चौथ्यावर, त्या दुसऱ्या गाडीच्या, तेवढीबी नाई. हेडवर पिस्टन घासल्याचा चकचकीत चंद्र उमटला होता. चार दिवस आणखी चालवली असती तं संपलं होतं.

ट्रकवाल्याच्या हाती र. ले निरोप देला: प्याकिंग पाठव, कुठूनबी.

१२ मार्च

र. चा निरोप. नागपुरले माणूस पाठवला, हप्ता लागन. हप्ता म्हणते! तो म्हणे, तोवर तांब्याचा जाड पत्रा भेटला तं त्याचं प्याकिंग काप, लाल तापव, पाण्यात टाक, नरम होते. दबलेलं प्याकिंग खाली, तांबं वर. फट वाढन. पाणी झिरपन थोडं, पण ठोकणार नाई.

तांब्याचा जाड पत्रा. चामोर्शीत फिरलो. पातळ भेटते, जाड नाई. घरी येऊन पाणी प्यालो अन् हातातल्या गडव्याकडून नजर गुंडावर गेली. कौ. च्या आंदणातला, पाण्याचा तांब्याचा गुंड. तिच्या बापानं ठोकून घेतलेला, जुन्या चालीचा, जाडजूड.

 कौ. माह्या नजरेकडे पाहत होती. उठली, गुंडातलं पाणी मोरीत ओतलं अन् माह्यासमोर उपडा ठेवला. "घ्या."

आईनं अर्ध्या तोंडानं आरडाओरड केली. भरल्या पोटाच्या बाईचं आंदणाचं भांडं फोडाचं नसते म्हणे. आमच्या घरची चाल. एका हातानं खाट बडवून राह्यली. कौ. तिच्यापाशी जाऊन बसली. "आई, मागल्या खेपेले तं काईच फोडलं नोतं ना." आईचा हात खाटेवर थांबला. 

१३ मार्च

छिन्नी लावली तेव्हा हात चालत नोता. आठ वर्षं त्या गुंडाचं पाणी प्यालो. पहिल्या घावाले असा वाजला की कौ. आतून म्हणाली, "बसा आता ठोकत, का रडत?" ठोकलं.

पत्रा सरळ केला. जुनं प्याकिंग ठेवून रेषा मारल्या. भोकं पाडली. सरपणात लाल केला, पाण्यात टाकला, खरंच नरम झाला. गुंडाच्या काठाजवळ तिच्या बापाचं नाव कोरलं होतं. तो भाग कापून बाजूले ठेवला. तिले देला. तिनं कुठी ठेवला माहीत नाई.

१४ मार्च

हेड बसलं. उकड पुन्हा ठेवून पाह्यली: पैशाले थोडी कमी. चालन. चालाच लागन.

सुरू केली. ठोकत नाई. पण हेडच्या बाजूनं पाण्याचा थेंब येते, पुसला का पुन्हा येते. आणखी कसलं. थेंब आहेच. बंद करून तासाभरानं सुरू कराले गेलो तं सुरूच होईना. पाणी आतबी झिरपते, पिस्टनवर साचते. प्लग काढून पाणी उडवलं, पुसले, तेव्हा झाली. म्हणजे एकदा चालू केली का बंद कराची नाई.

नदीवर नेऊन पाहाची हिंमत नाई. पाहाले गेलो अन् मोडली तं?

१६ मार्च

गाडी तयार. मागं धानाचं तणस, त्याच्यावर गोधडी. पाण्याचे दोन डबे. पाना, छिन्नी, गळती बुजवाले साबणाची वडी. थेंब तसाच.

कौ. ले म्हटलं, चाल आजच, रहीमभाईकडे राहू. पोचूबाईचे आठ दिवस तं भरत आले. पोचूबाईले आईपाशी ठेवू. पहिल्यांदाच ती हो म्हणाली. पण म्हणे, "परवा. उद्या आईले न्हाऊ घालतो, डोस्कं धुतो, मंग पोचूबाईले सारं दाखवून देतो." मी खूप बोललो. नको तेवढं बोललो. ती म्हणे, "एक दिवस."

एक दिवस.

१८ मार्च, चांदा

दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहून राह्यलो. ऊन कललं आहे. हात तेलाचे, कागद खराब होऊन राह्यला.

सकाळी दिवस निघताना कळ आली. काल सांजेले धुतलेले आईचे केस अजून ओलसरच होते. तिचं म्हणणं, कालपासूनच कंबर दुखत होती. सांगतलं नाई. सांगतलं असतं तं मी आईचं न्हाणं होऊ देलं नसतं म्हणे! काय म्हणावं या बाईले. तणसावर झोपवली. पोचूबाई आईपाशी राह्यली. आईनं चालता हात वर केला.

प्लग काढून पाणी उडवलं, पुसले, अन् पहिल्याच हँडलले चालू झाली.

घाटावर लिंगानं दुरून पाह्यलं अन् समजला. कोणाले हाक न मारता स्वतःच तट्टे टाकत पुढं पळत होता. ती जागा आली. तीच. मी मागं पाह्यलं नाई. मागून कौ. म्हणाली, "चालवा. थांबू नोका, मी धरून आहो." आवाज खाली गेला, ढुम ढुम ढुम. चाकं रेतीत गेली अन् निघाली. गेली अन् निघाली. पाण्यातून वर. चढावर समोरची चाकं एकदा उचलल्यासारखी झाली, लिंगा अन् दोन धीवर मागून भिडले. वर आली. लिंगा तिथीच रेतीत बसून राह्यला, हात जोडलेले दिसले. मी थांबलो नाई.

गोंडपिपरीच्या आधी वाफ निघाली. थेंबाची धार झाली होती. दोन्ही डबे संपले. गोंडपिपरीत विहिरीवरच्या बायांनी मागं डोकावून पाह्यलं अन् काई न विचारता आपल्या घागरी ओतल्या, एकीनं डोक्यावर पदर घेऊन कौ. चा हात धरला. गाडी चालूच. पुढं जंगलात पुन्हा वाफ. डबे पुन्हा रिकामे. कौ. पाशी तिच्या पिण्याचा तांब्या होता, तो तिनं पुढं केला. मी म्हटलं, तुले ठेव. कळ जाईपावतर तोंड दाबून बसली, मंग म्हणे, "पाजा त्याले. माह्या बापाचा गुंड आहे आत, तहान लागली असन." त्या हालात तिले गंमत सुचते. मी पाणी ओतलं अन् गाडी पुढं काढली.

बल्लारपूरच्या पुढं ठोकाले लागली. त्या चौथ्या पिस्टनचं ठोकणं, ओळखलं मी. जितकी हळू नेता येईन तितकी नेली. हळू नेली तं उशीर, जोरात नेली तं फुटन. माणसाले असं निवडाले लावू नये कोणी. कौ. शेवटी शेवटी बोलत नोती. नाव घेऊन हाक मारली तं फक्त हुंकार.

आणली. दारापावतर आणली. तिले आत नेलं. डॉक्टरीणबाई होत्या, देवाची किरपा. पोटावर हात ठेवला अन् चेहरा बदलला. मले भाईरे काढलं.

तेव्हापासून गाडी भाईरे चालू. मी बंद केली नाई. बाईनं जर म्हटलं का इथी होत नाई, नागपूरले न्या, तं? बंद केली का आता धारच आत भरणार, प्लग पुसूनबी सुरू होणार नाई, एवढं नक्की. मी नळावरून डबे आणून पाजत राह्यलो. ठक् ठक् ठक् वाजते. पोरं जमली. रहीमभाईले कोणी सांगतलं, तो धावत आला, कान लावला अन् म्हणे, "वासुभाऊ, बंद कर, आतून फुटून राह्यली." मी म्हटलं, नाई.  डबा घेऊन तोच नळावर गेला.

आता एवढ्यात आतली सिस्टर भाईरे आली. पोटाले लावाची लाकडी नळी तिच्या हातात होती. रागावून नाई, घाईनं म्हणाली, "ती गाडी बंद करा. बाईंना बाळाचे ठोके ऐकू येत नाहीत."

मी उठलो. चाबीवर हात ठेवला. फिरवेना. रहीमभाईनं हातातला डबा खाली ठेवला.

बंद केली.

हेडखालून पाणी आत उतरल्याचा बारीक आवाज आला. मंग तोबी थांबला. दवाखान्याच्या आतून अजून काई ऐकू येत नाई. मी ऐकून राह्यलो.